ती बोलली, प्रभूने ऐकले



संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली एक स्त्री आपल्याला भेटते. वैद्यांकडे फिरून तिचा पैसा संपला होता, दुखणे मात्र वाढतच होते. ती गर्दीत मागून येते, प्रभूच्या वस्त्राला हात लावते आणि बरी होते. तिला तशीच गुपचूप निघून जायचे होते. पण प्रभू थांबतो. तिकडे याईराची मुलगी मरणाच्या दारात आहे, तरी प्रभू या स्त्रीला बोलू देतो. ती थरथर कापत सगळी हकिगत सांगते, आणि प्रभू तिला लेक म्हणून जवळ करतो.

बायकांच्या दुखण्याबद्दल चारचौघांत बोलायचे नाही, ही रीत तेव्हाही होती आणि आज आपल्या घरांतही आहे. म्हणूनच अंडाशयाच्या कर्करोगाविषयी या पानावर आम्ही मुद्दाम लिहीत आहोत.

आपल्याच मराठवाड्यातील एक गोष्ट पाहा. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वर्षांच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांना घेऊन गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास झाला. त्यात मुंबईचे टाटा रुग्णालय व बार्शीचे कर्करोग रुग्णालय होते. २००९ मध्ये निष्कर्ष आला की, एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने त्या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात. खेड्यापाड्यांतील आपल्या भगिनींनी जगाला हे दाखवून दिले.

अंडाशयाच्या बाबतीत मात्र अशी तपासणी अजून नाही. इंग्लंड व आसपासच्या प्रदेशांत २ लाखांहून अधिक स्त्रियांना घेऊन अभ्यास झाला आणि त्यांतील सुमारे निम्म्या स्त्रियांची रक्ततपासणी किंवा सोनोग्राफी अनेक वर्षे केली गेली. पण त्यामुळे मृत्यू कमी झाले नाहीत, असे २०२१ मध्ये स्पष्ट झाले. अंडाशये ओटीपोटात खोल असतात. तेथील रोग बहुधा पसरल्यावरच कळतो. त्यामुळे पहिली खूण कळते ती त्या बाईलाच. ती बोलली आणि आपण ऐकले, तरच वेळेवर डॉक्टर गाठता येतो.

खुणा साध्या आहेत. पोट सतत फुगलेले राहणे, थोडे खाल्ले तरी पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीला लागणे. हे नव्याने सुरू झाले असेल आणि महिन्यातून बारा किंवा अधिक दिवस होत असेल, तर पित्त, गॅस, वय झाले असे म्हणून सोडून देऊ नये. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसले तरी लगेच दाखवावे. पन्नाशीनंतर विशेष जपावे. आई, बहीण, मावशी, आत्या यांपैकी कोणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे. हा धोका वडिलांच्या बाजूनेही येतो. या खुणा असणाऱ्या बहुतेकींना कर्करोग नसतो, म्हणून घाबरून घरी बसू नये. हिंगोली किंवा वाशीमला स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे, सोनोग्राफी करावी. अंडाशयावर गाठ दिसून शंका आली, तर कर्करोगाच्या शस्त्रक्रियेतील तज्ज्ञाकडेच जावे. शस्त्रक्रिया व केमोथेरपी हे मुख्य उपचार आहेत.

खर्चाच्या भीतीने कोणी थांबू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. योजनेतील रुग्णालयात 'आरोग्यमित्र' असतो, शिधापत्रिका व आधार कार्ड घेऊन त्याला भेटावे. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, परळला टाटा रुग्णालय आहे. तेथील समाजसेवा विभागात राहण्याची व मदतीची चौकशी करावी. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत बाहेरगावचे कितीतरी कर्करुग्ण राहतात. रेल्वेत स्लीपर वर्गाला रुग्णास पूर्ण व सोबत्यास ७५ टक्के सवलत आहे. त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो.

आणि आपण? आम्ही आजाऱ्याच्या घरी जातो, रोझरी म्हणतो, चहा घेऊन उठतो. "काकू, पोटात काही जेवण जाते का? डॉक्टरकडे सोबत कोण येते?" हे विचारायचे राहूनच जाते. कुठे तिचे ताट वेगळे ठेवतात, कुठे कोणत्या पापाची ही शिक्षा असे कुजबुजतात. हा रोग संसर्गाचा नाही आणि शिक्षा तर मुळीच नाही. तिला आपली सोबत हवी असते: स्टेशनपर्यंत, दवाखान्याच्या रांगेत, केस गळाल्यावर आरशासमोरही. तिच्या मुलांना चार दिवस कोणी जेवू घातले, तर तीही प्रार्थनाच आहे.

घरातील पुरुषांना एक विनंती. आज मिस्साहून घरी गेल्यावर आईला, पत्नीला, बहिणीला विचारा, तब्येत कशी आहे? आणि उत्तर संपेपर्यंत थांबा. प्रभू थांबला होता.

हे प्रभू येशू, गर्दीत तुला त्या एका स्त्रीचा स्पर्श कळला. आमच्या घरांतील न बोललेली दुखणी आम्हांला कळू देत. आजारी भगिनींना धीर दे, डॉक्टर व परिचारिकांच्या हातांना यश दे, आणि आम्हांला थांबून ऐकण्याची कृपा दे. आमेन.