उद्यापन राहून गेलेलं घर

शंका : मी नाशिकला सिडकोत राहते, सातपूरच्या एका कारखान्यात हिशेबाचं काम करते. लग्नानंतर सोळा सोमवार धरले होते, ते सोळावर न थांबता पुढे चालूच राहिले. त्यात मार्गशीर्षातले गुरुवार, संकष्टी, शुक्रवार आणि रोजचा पोथीचा अध्याय यांची भर पडली. पूजेला बसलं की डबे आठवतात, डबे भरताना अध्याय राहिल्याचं आठवतं. मधेच फोनवर शाळेचे आणि सोसायटीचे निरोप. देवापुढे बसूनही चिडचिड होते, याचंच जास्त वाईट वाटतं. यातलं काही सोडलं तर दोष लागेल का? आणि सोडायचं ठरवलंच, तर सासूबाईंना काय सांगू?

समाधान : ताई, दोषाचं आधी बोलू, कारण मनावरचं मोठं ओझं तेच दिसतं. आपल्या धर्मशास्त्रात नित्य आणि काम्य असा भेद आहे. काही इच्छा धरून आपण होऊन घेतलेलं व्रत काम्य. ते घेतलंच पाहिजे असं बंधन नाही, मात्र घेतलं तर ते रीतीने पुरं करावं असा दंडक आहे. पुरं करण्याची ती रीत म्हणजे उद्यापन. सोळा सोमवारांचं उद्यापन सतराव्या सोमवारी होतं. चूर्म्याचे तीन भाग करतात : एक देवाला, एक ब्राह्मणाला, एक घरच्यांना. मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी सवाष्णींना हळदीकुंकू आणि फळ देऊन त्या व्रताची सांगता होते. म्हणजे व्रत सांगणाऱ्यांनी त्याचा शेवटही सांगून ठेवला आहे. तुमचे सोमवार लांबले ते श्रद्धा वाढली म्हणून असतील, तर उत्तमच. पण सोळावा सोमवार कधी येऊन गेला हे कुणाच्या ध्यानात राहिलं नाही आणि थांबायला भीती वाटली, म्हणून ते चालू असतील, तर दोष थांबण्यात नाही. उणीव असलीच तर उद्यापन राहून गेलं एवढीच, आणि ती आजही भरून काढता येते.

मला वाटतं, तुमच्या चिडचिडीचं मूळही याच ठिकाणी आहे. कामं फार आहेत हे खरंच, पण त्याहून जास्त जाच होतो तो संपलेलं काहीच नसण्याचा. आपल्या पूजाविधीकडे या नजरेने पाहा. आरंभी संकल्प असतो. त्यात तिथी, वार, नक्षत्र येतं, आणि आपल्याकडे तर गोदावरीच्या कोणत्या तीरावर बसून हे कर्म चाललं आहे तेही उच्चारलं जातं. हे काम मी इथे, आत्ता, अमुक हेतूने करते आहे असं स्वतःला आणि देवाला बजावून मगच हात पुढे होतो. शेवटी तितक्याच स्पष्टपणे केलेलं सगळं अर्पण करतात. गणपतीची उत्तरपूजा झाली की मूर्ती जागची किंचित हलवतात. त्या क्षणानंतर मूर्ती घरातच असली तरी पूजा संपलेली असते. पुन्हा धूप-आरतीची घाई नसते, काही राहिलं का ही रुखरुख नसते. ज्याला आपण बोलावलं त्याला निरोपही आपणच द्यायचा, हे ज्ञान आपल्या घराघरात आहे. आपण ते फक्त देवघरापुरतं ठेवलं.

अपुऱ्या कामात अडकून राहण्याची मनाची खोड बाहेरच्या अभ्यासकांनीही तपासून पाहिली आहे. सोफी लरॉय या संशोधक बाईंनी २००९ साली दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलेल्या माणसाचं लक्ष काही अंशी पहिल्या कामातच अडकून राहतं आणि दुसरं काम त्यामुळे खालावतं. पूजेत डबे आणि डब्यात अध्याय, ही तुमची तक्रार नेमकी हीच आहे. तो श्रद्धेचा कमकुवतपणा समजू नका. मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर यांचं २०११ सालचं काम तर आपल्या अधिक उपयोगाचं आहे. अपुऱ्या कामाची टोचणी थांबायला ते काम पुरं व्हावंच लागतं असं नाही, ते कधी आणि कसं करणार हे नेमकं ठरवलं तरी मन त्याला सोडतं, असं त्यांना आढळलं. सगळी कामं कधीच संपणार नसतील, तरी आजच्या कामाला निरोप देता येतो. उत्तरपूजेचंही तसंच नाही का? देव संपत नाही, आजची पूजा संपते.

यावर कुणी म्हणेल, देवाला मन शांत करण्याचं साधन केलंत, मग भक्तीचं काय? आक्षेप गंभीर आहे. पण अर्पण म्हणजे तरी काय? केलेल्या कर्मावरचा आपला हात काढून घेणं. ज्याला आपलं कर्म सोडून देता येत नाही, त्याने ते देवाला दिलेलंच नसतं. त्यामुळे शांती हा इथे आधी मागायचा मोबदला राहत नाही, ती अर्पण खरं झाल्याची खूण आहे.

नाशिककरांना याचा दाखला शोधायला लांब जायला नको. समर्थ रामदासांनी नंदिनी आणि गोदावरीच्या संगमावर टाकळीला बारा वर्षं तप केलं. पाण्यात उभं राहून केलेल्या तेरा कोटी जपाचा आकडा सगळ्यांना पाठ असतो. परंपरेने सांगितलेल्या त्यांच्या दिनक्रमाकडे मात्र कमी लोकांचं लक्ष जातं. पहाटेपासून माध्यान्हीपर्यंत जप, मग मधुकरी, आणि दुपारनंतर ग्रंथांचं वाचन-लेखन. त्यांच्या हातचं वाल्मीकिरामायण आजही धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जपून ठेवलेलं आहे. एवढी उग्र साधनासुद्धा माध्यान्ही थांबत होती आणि पुढच्या कामाला जागा देत होती. ते ब्रह्मचारी होते, त्यांना कुठे डबे भरायचे होते, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे, तेरा कोटी त्यांच्याकडेच राहू द्या. पण आधी प्रपंच नेटका करावा असं दासबोधात सांगणारेही तेच आहेत. ठरल्या वेळी थांबण्याची हीच रीत सिंहस्थ कुंभमेळ्यातही दिसते. १४ जुलै २०१५ रोजी रामकुंडावर ध्वज चढला आणि पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये तो विधिपूर्वक उतरवला गेला. रामकुंडाजवळचं गंगा-गोदावरीचं मंदिर सिंहस्थात उघडतं आणि तो सरला की त्याचं दार पुन्हा बंद होतं. केवढा तो पर्वकाळ, पण त्यालाही शेवटचा दिवस ठरलेला आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक खरा वाटतो : घरकामाला उद्यापन कुठून आणायचं? भांडी घासली की पुन्हा पडतात. आणि घरातल्या बाईचं काम संपत नाही याचं एक कारण असं की ते सुरू करणारे अनेक असतात, संपवणारी ती एकटी. देशभरातल्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो आणि पुरुषांचा ८८ मिनिटं, असं दिसलं. हा फरक बाईने मन शांत ठेवल्याने भरून निघणार नाही, आणि तिला तसं सांगणं अन्याय आहे. तेव्हा रात्रीचा ओटा आवरून दिवा मालवेपर्यंतचं काम आठवड्यातले निम्मे दिवस यजमानांकडे जावं. मुलं मोठी असतील तर डबे त्यांनी भरावेत. हा उपकार नाही, घरातली वाटणी आहे.

फोनचं थोडक्यात सांगते. निरोपांना आरंभ असतो, विसर्जन नसतं. शाळेचा गट संध्याकाळी एकदा उघडावा, उत्तर द्यायचं ते द्यावं आणि तो दिवसापुरता मिटावा. पूजेच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत असावा. अध्याय रोज पुरा होत नसेल तर बेताच्या ओव्या ठरवा. त्या झाल्या की पोथीला नमस्कार करून ती बांधा, आणि एकदा बांधली की आणखी थोडं वाचायला हवं होतं असं मनात आणू नका. झोपण्याआधी राहिलेली कामं उद्याच्या वेळेसह कागदावर उतरवा.

आता सासूबाई. त्यांना ‘मी सोमवार सोडते’ असं म्हणू नका. तो शब्द त्यांच्या कानाला अशुभ लागेल आणि खरं तर चुकीचाही आहे. ‘आई, सोळा सोमवारांचं उद्यापन राहून गेलंय, ते तुमच्या देखरेखीखाली करायचंय’ असं सांगा. श्रावणातला एखादा सोमवार धरा. चूर्मा त्यांच्या हातचा असू द्या, यजमानांना त्या दिवशी रजा घेऊन शेजारी बसायला सांगा, आणि घरच्यांच्या वाट्याचा भाग सगळ्यांनी एकत्र बसून खा. त्या दिवसाची भांडी मात्र तुम्ही घासू नका.