दोन खुरांमधले विभवांतर

विद्युतक्षेत्रात, म्हणजे विद्युतप्रभारावर बल लागू होते अशा अवकाशात, प्रभार एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत नेताना कार्य घडते. एक कूलोम प्रभारामागे एक ज्यूल कार्य घडत असेल, तर त्या बिंदूंमधील विभवांतर एक व्होल्ट मानतात. क्षेत्र स्थिर असेल, तर हे कार्य वाटेवर नव्हे, केवळ दोन टोकांवर ठरते. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवरील येलदरी धरणाच्या २२.५ मेगावॉटच्या वीजकेंद्रात पाणी खाली उतरते, तेव्हाही गुरुत्वाचे कार्य पातळ्यांमधील फरकानेच ठरते; नळ सरळ की वळणाचा, हा प्रश्न घर्षणाचा, गुरुत्वाचा नव्हे.

परभणी जिल्ह्यात हे तत्त्व उघड्या रानात प्रत्ययास येते ते पेरणीच्या तोंडावर, रोहिणी आणि मृगाच्या पावसात. ढगाच्या तळाशी बहुधा ऋण प्रभार साचतो, आणि ढग व जमीन यांच्यातील विभवांतर दहा कोटी व्होल्टच्या घरात गेले व वीस कूलोम प्रभार खाली आला, तर कार्य दोनशे कोटी ज्यूल, म्हणजे सुमारे साडेपाचशे युनिट, भरते. वीज कितीही वेडीवाकडी आली तरी हा आकडा फारसा हलत नाही. अर्थात क्षेत्र त्या क्षणी झपाट्याने बदलत असल्याने हिशेब ढोबळच. यातील बहुतेक ऊर्जा हवा तापवण्यात आणि गडगडाटात खर्ची पडते.

खरा घात मात्र उरलेल्या अंशात असतो. निंबाच्या झाडावर वीज पडली की प्रभार बुंध्यातून जमिनीत शिरून चहूकडे पसरतो आणि बुंध्यापासून दूर जावे तसे विभव उतरत जाते. मनुष्य वा जनावर दगावते ते विभव मोठे असल्यामुळे नव्हे, तर पायांखालील दोन बिंदूंचे विभव वेगळे असल्यामुळे. म्हणूनच रानात अडकलेल्याने पाय जुळवून उकिडवे बसावे, असे सांगतात. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या खुरांत चार-पाच फुटांचे अंतर असते, आणि त्यांच्यामधला प्रवाह थेट छातीतून जातो. बैल झाडाकडे कूस करून उभा असेल, तर त्याचे खूर जवळपास सारख्याच विभवावर येतात. पण बुंध्याला बांधलेला बैल कासऱ्याच्या ओढीने बहुधा झाडाकडेच तोंड करून उभा राहतो.