गायरानावरचे वीजघर

आम्ही विदर्भातील माणसे उन्हाला नावे ठेवण्यात पटाईत. मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळीसच्या घरात गेला की दुपारी बाहेर पडणाऱ्याला आम्ही वेड्यात काढतो. त्याच उन्हाची आता वीज होते. ती ज्या जमिनीवर होते, त्या जमिनीविषयी थोडे बोलायचे आहे.

आधी योजनेची बाजू सांगितली पाहिजे, कारण ती खोटी नाही. शेतीपंपाला थ्री फेज वीज पाळीने मिळत आली. कधी दिवसा आठ तास, तर कधी रात्री दहा तास. रात्रीची पाळी आली की कास्तकार हातात बॅटरी घेऊन ओलिताला निघणार. बांधावर साप, पिकात रानडुकरे. ज्याने हे भोगले त्याला २०१७ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही. शेतीचा फीडर वेगळा करायचा, उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज दिवसा त्या फीडरला द्यायची. दुरून वीज आणताना होणारी गळतीही त्यात वाचते. २०२३ साली योजनेचा दुसरा टप्पा आला. त्यात खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे ठरले आणि त्यावर दरसाल तीन टक्के वाढ. सरकारी जमीन मात्र एक रुपया नाममात्र भाड्याने.

उपकेंद्राजवळची सरकारी जमीन म्हणजे पुष्कळ गावांत गायरान. नकाशात ते मोकळे दिसते. प्रत्यक्षात तेथे आर्वी-कारंजाकडच्या गवळाऊ गाई चरतात, भूमिहीनाच्या चार बकऱ्या चरतात. आमच्या समाजात अशी घरे कमी नाहीत. सात-बारावर नाव नाही, पण बकरी ईदच्या आधी दोन बोकड विकले की मुलीच्या शाळेची सोय होते. जमीनदाराला सव्वा लाख, सरकारला रुपया. या घराला काय? त्याचे नाव कोणत्याच कागदावर नसल्यामुळे त्याला विचारण्याचा प्रश्नच येत नाही. राज्यात ठिकठिकाणी गायरानावरून गावे आणि प्रकल्प यांच्यात वाद झाले, त्याचे मूळ येथे आहे.

१९३५ साली गांधीजी वर्ध्याच्या मगनवाडीत राहत होते. त्याच वर्षी 'हरिजन'मध्ये त्यांनी लिहिले की, खेड्यातल्या घराघरात वीज आली आणि लोकांनी तिच्यावर आपली अवजारे चालवली तर आपली हरकत नाही. पण वीजघर गावाच्या किंवा सरकारच्या मालकीचे असावे, जसे गायरान असते. नव्वद वर्षांनी त्याच जिल्ह्यात बसून हे आठवले की हसावे की रडावे कळत नाही. गायरानासारखे वीजघर त्यांना हवे होते. आपण गायरानावर वीजघर उभारतो, तेही बहुधा खासगी कंपनीचे.

पाणी, चारा आणि आग यांत सर्वांचा वाटा आहे, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो. येथे तर चारा आणि आग एकाच जागेसाठी भांडत आहेत! अशा वेळी आम्हाला हजरत उमर (रजि.) यांची गोष्ट आठवते. त्यांनी सार्वजनिक कामासाठी कुरण राखून ठेवले. म्हणजे राज्याने जमीन राखूच नये, असे त्यांचे म्हणणे नव्हते. पण राखणदाराला त्यांनी ताकीद दिली, की थोड्या उंटांच्या आणि थोड्या शेळ्यामेंढ्यांच्या मालकाला आत येऊ दे. अब्दुर्रहमान बिन औफ आणि उस्मान बिन अफ्फान यांच्या कळपांपासून मात्र सावध राहा. कारण त्यांची जनावरे मेली तरी त्यांच्याकडे खजुरीच्या बागा आणि शेती आहे. गरिबाची मेली तर तो मुलाबाळांना घेऊन दारात उभा राहील. हे दोघे साधेसुधे श्रीमंत नव्हते, थोर सहाबी होते. तरीही!

कोणी म्हणेल, प्रकल्प झाला तर ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरसाल पाच लाख मिळतात. मिळतात, पण त्यातून शाळेची भिंत होते, बकरीचा चारा होत नाही. कोणी विचारील, कास्तकाराचा पंप मोठा की बकरी? हा प्रश्नच आम्हाला चुकीचा वाटतो. पंप ज्याच्याकडे विहीर आणि जमीन आहे त्याचा. त्याला दिवसा वीज मिळावी म्हणून ज्याचे कुरण गेले, त्याच्याकडे दोन्ही नाही. तेव्हा उपकेंद्राभोवती जागा शोधताना आधी खासगी पडीक जमीन भाड्याने घ्यावी. गायरान घ्यावेच लागले तर तेथे कोण चारतो याची मोजणी ग्रामसभेसमोर व्हावी आणि भाडे एक रुपया नव्हे, सव्वा लाखच धरून त्या घरांपर्यंत पोचावे.

यात वीज महाग होईल, हे उघड आहे. तो फरक शेवटी आमच्याच बिलात येणार. हे लिहिताना डोक्यावर पंखा फिरतो आहे, खिडकीत कूलर चालू आहे. पुढच्या महिन्यात बिल वाढून आले तर आम्ही वीज कार्यालयात तक्रार घेऊन जाणार नाही, अशी खात्री आम्हाला स्वतःबद्दल देता येत नाही.