निर्वंश

वंशावळीचा कागद उलगडला की नजर आधी स्वतःच्या नावाकडे धावते. मग पिढी-पिढी वर चढत मूळपुरुषापाशी थांबते. मधल्या काही नावांपुढे मात्र 'निर्वंश' एवढेच लिहिलेले असते. ती फांदी तिथे संपली असे आपण धरून चालतो.

खरेच संपली असेल?

१८३५ मध्ये मॉरिशसमधली गुलामगिरी कायद्याने बंद झाली. उसाच्या मळ्यांना माणसे हवी होती. कलकत्ता आणि मद्रासप्रमाणे मुंबई बंदरातूनही गिरमिटियांची, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांची, जहाजे सुटू लागली. त्यांत रत्नागिरी-साताऱ्याकडची माणसे होती. करार काही वर्षांचा. पोर्ट लुईच्या धक्क्यावरच्या सोळा दगडी पायऱ्या चढून वर गेले की प्रत्येकाची नोंद व्हायची.

त्या नोंदवह्या आजही मॉरिशसमधल्याच मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. नंबर, नाव, बापाचे नाव, गाव, वय, उंची, अंगावरच्या खुणा. १८६० च्या दशकापासून फोटोही. तिथली मराठी घरे आपला पणजोबा याच वह्यांत शोधतात. तो कसा बोलायचा, कशावर चिडायचा, हे सांगणारे आता कोणी नाही. पण भुवईवर व्रण कुठल्या बाजूला होता, ते कळते. गावाचे नाव कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे उतरलेले, त्यामुळे कोकणात येऊन ते गाव ओळखणे अवघड जाते.

एक गोष्ट मला विशेष वाटते. त्या परक्या वहीत बाईलाही तिचा स्वतःचा नंबर असे. आपल्या वंशावळीत लेकीबाळींना ओळसुद्धा मिळालेली नाही. मोजण्यासाठी लिहिले त्यांनी सगळ्यांना लिहिले. आपले म्हणून लिहिले त्यांनी निम्मी माणसे गाळली.

तिकडे अनेकदा पहिल्या माणसाचे पाळण्यातले नावच पुढच्या पिढ्यांचे आडनाव झाले. तो मूळपुरुष ठरला. त्याला स्वतःला तसे कधी वाटले असेल का? घरून निघताना तो कोणाचा तरी धाकटा मुलगा होता. शेत तोकडे, देणे डोक्यावर. चार पैसे गाठीला बांधून परत यायचे, एवढाच बेत असणार. काही जण परतलेही. बाकीचे तिथेच राहिले, आणि आज तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते.

घरच्यांनी किती वर्षे वाट पाहिली असेल? पुढे कोणीतरी वंशावळ लिहायला बसला. चुलत्याच्या नावाशी अडला. कोणाला तरी विचारले, आणि उत्तर आले ते लिहून टाकले. शाई वाळत होती, तेव्हा त्या चुलत्याची नातवंडे समुद्रापलीकडे ऊस तोडायला लागलीही असतील.