तीन रकाने

सॉफ्टवेअर विकास शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या परिचयपत्रात तीन रकाने ठरलेले असतात: कौशल्ये, छंद आणि ध्येय. पहिल्यात पायथन, जावा, एसक्यूएल. दुसऱ्यात क्रिकेट, वाचन. तिसऱ्यात ‘नामांकित कंपनीत सॉफ्टवेअर अभियंता’. कागदावर हे रकाने शेजारी नांदतात, पण वेळेच्या वाटणीत त्यांची भाऊबंदकी सुरू होते. छंदाला दिलेली संध्याकाळ नोकरीच्या तयारीतून कापली जाते. केवळ तयारीसाठी घोकलेले कौशल्य परीक्षेपुरते टिकते. पेच असा, की मोकळा वेळ कशाला द्यावा आणि छंदालाच उपजीविका करावे का.

बुलढाणा जिल्ह्यात या पेचाला अंतराची जोड मिळते. शेगावला १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. पुढे चिखली, मलकापूर, बुलढाणा येथेही ती निघाली. शिक्षण घराजवळ आले, या क्षेत्रातील बहुतेक नोकऱ्या मात्र पुण्याकडे राहिल्या. जिल्ह्याचा रोजचा हिशेब अजून कापूस आणि सोयाबीनभोवतीच फिरतो.

पेच उलगडण्यासाठी दोन पक्ष कल्पावेत. पूर्वपक्ष शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्याचा. उत्तरपक्ष खामगावच्या बाजारात मापाडी असलेल्या त्याच्या मामाचा. विद्यार्थ्याने हौसेने एक छोटा प्रोग्राम केला आहे. सोयाबीन ओले विकावे की वाळवून, याचा हिशेब तो मांडतो.

विद्यार्थी: मामा, हे रिकामपणचे उद्योग आता बंद करतो. मुलाखतीत सोयाबीन कुणी विचारत नाही. पाच भाषा येतात, तेवढं पुरे.

मामा: येतात म्हणजे काय रे? अठरा टक्के ओल असलेला क्विंटल बारा टक्क्यांवर वाळवला, तर तुझ्या हिशेबानं किती उरतो?

विद्यार्थी: सहा टक्के ओल गेली, म्हणजे चौऱ्याण्णव किलो.

मामा: काट्यावर तेवढे भरत नाहीत. त्र्याण्णवच्या थोडं वर भरतात. काहून?

चूक वजाबाकीत आहे. १०० किलोमध्ये पाणी १८ किलो आणि कोरडा माल ८२ किलो असतो. वाळवताना कोरडा माल तेवढाच राहतो आणि तो उरलेल्या वजनाच्या ८८ टक्के भरतो. म्हणून उत्तर ८२ भागिले ०.८८, म्हणजे ९३.१८ किलो. फरक क्विंटलमागे सुमारे ८२० ग्रॅमचा. वीस क्विंटलला तो १६ किलोंच्या पुढे जातो. २०२४-२५ च्या ४,८९२ रुपये हमीभावाने ही रक्कम ८०० रुपयांच्या घरात येते. प्रोग्राम एकदाही अडखळला नव्हता, तरी उत्तर चुकत होते. भाषेचे व्याकरण येणे ही पूर्वतयारी झाली. आपले उत्तर कोणत्या काट्यावर तपासायचे हे ज्याला कळते, त्याला कौशल्य आले असे म्हणता येते.

विद्यार्थी: मग छंदच धरून बसतो. लिनक्स तरी कुठून निघालं? एका विद्यार्थ्याच्या छंदातूनच.

मामा: निघालं असेल. पण हौसेच्या कामाला जाब विचारणार कोण? कंटाळा आला की तू सोडशील, आणि तिकडं शेतकरी तुझ्या आकड्यावर माल वाळवत बसेल.

दोन्ही पक्षांना १९९१ या एकाच वर्षात दाखले सापडतात. त्या ऑगस्टमध्ये हेलसिंकी विद्यापीठातील २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने आपण छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम करत असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी पुण्याच्या सी-डॅकने ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. या कामाचे नेतृत्व अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावी जन्मलेल्या विजय भटकर यांनी केले. अमेरिकेकडून महासंगणक मिळेना, म्हणून १९८८ मध्ये ही संस्था स्थापन झाली होती. एक काम कुणी मागितले नव्हते, दुसरे देशाने मागितले होते. पण लिनक्सही फार काळ निव्वळ छंद राहिले नाही. लोक ते वापरू लागले, तशी चुका निस्तरण्याची आणि नव्या आवृत्त्या काढण्याची बांधिलकी कर्त्यावर आली. छंदामुळे प्रश्न निवडण्याची सवय लागते. तो तडीस जातो वापरणाऱ्याच्या धाकाने.

विद्यार्थी: बांधिलकी घरचीही आहे, मामा. शैक्षणिक कर्जाचा हप्ता छंदानं फिटत नाही. माझं ध्येय एकच, पुणे.

मामा: जा की, कुणी अडवलं? पण पुणे हा पत्ता झाला. तिथं जाऊन कशाला हात घालणार, ते या कागदावर कुठं आहे?

विद्यार्थी: ते कंपनी सांगेल.

मामा: सांगेल ते करशीलच. पण त्यातलं मागून काय घ्यायचं, ते तर तुलाच ठरवायला लागेल.

सिद्धान्तात दोन्ही पक्षांचा वाटा राहतो. कर्जाचा हप्ता खरा आहे. त्यासाठी जिथे मिळेल तिथे नोकरी धरण्यात कमीपणा नाही. छंद उपजीविका झालाच पाहिजे असेही नाही. मात्र त्याची चूक पकडू शकेल असा एक तरी वापरकर्ता त्याला असावा. ध्येयाच्या रकान्यात शहर किंवा हुद्दा न लिहिता कामाचा प्रकार लिहावा. शेतमालाच्या मोजमापाचा भरवशाचा हिशेब हे ध्येय पुण्यात बसूनही गाठता येते आणि खामगावातूनही. असे काम सापडले की तिन्ही रकाने त्याच एका कामातून भरता येतात आणि वेळेची ओढाताण कमी होते.

मुलाखत घेणाऱ्यालाही पाच भाषांच्या यादीपेक्षा एक ओळ अधिक सांगून जाते: ओलाव्याच्या हिशेबातली चूक मापाड्याच्या काट्यावर सापडली आणि दुरुस्त केली.