मूल कोणाचे?

"पोरावर आवाज चढवू नकोस हं, शेजारी फोन करतील आणि युगेंडआम्टवाले घेऊन जातील!" माझा मुलगा झाला तेव्हा इथल्या एका ज्येष्ठ मित्राने दिलेला हा सल्ला. जर्मनीतल्या या बालकल्याण खात्याची आपल्या मंडळींना केवढी धास्ती! पण धास्ती मुलाला मार लागण्याची असते की आपल्याला कोणी बघण्याची?

काही वर्षांपूर्वी गणपतीच्या कार्यक्रमात एका सात-आठ वर्षांच्या मुलाच्या हातून प्रसादाची वाटी सांडली. ती उचलायला मी हात पुढे केला, तर त्याने दोन्ही हातांनी डोके झाकून घेतले. दंडावर वळ होते. मी गप्प बसलो. त्यांच्या घरचा मामला, अशी मनाची समजूत घातली. पुढे ते कुटुंब दुसऱ्या देशात गेले. माझ्या मनातून तो मुलगा गेलेला नाही.

नंतर मी कायदा वाचला. नोव्हेंबर २००० पासून इथे प्रत्येक मुलाला मारहाणीशिवाय वाढण्याचा हक्क आहे. मनाला जखमा करणेही त्यात निषिद्ध. पण मूल उचलून नेणे हे युगेंडआम्टचे पहिले काम नव्हे. आधी सल्ला, घरी येऊन मदत. तातडीचा धोका असेल तर ताबा, आणि पालकांचा विरोध असेल तर निर्णय कौटुंबिक न्यायालयाचा. चुका होत नाहीत असे नाही. बर्लिनमधल्या एका भारतीय तान्हुलीचे २०२१ पासूनचे प्रकरण आपण सर्वांनी वाचले आहे. परक्या घरात वाढताना मूल मायबोलीलाही मुकते, ही वेदना खरी आहे. पण म्हणून आपण गप्प राहायचे का?

१८६३ साली पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवांनी गुपचूप यावे, बाळंत व्हावे, हवे तर मूल तिथेच ठेवून जावे. समाज विचारत होता, "मूल कोणाचे?" कारण त्याला अब्रूची काळजी होती. फुले दांपत्याला काळजी होती मुलाची. अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला.

मला वाटते, मूल आईबापांचे नाही आणि सरकारचेही नाही. ते त्याचे स्वतःचे असते. आपण फक्त सांभाळणारे. म्हणूनच पहिली जबाबदारी आपली, जवळच्यांची. इथे हाताशी आजी नाही, मावशी नाही. थकलेल्या आईला "दोन तास मुलांना माझ्याकडे सोड" असे म्हणणे, चिडलेल्या बापाला बाजूला घेऊन बोलणे, मुलांना ११६१११ हा मोफत मदतीचा क्रमांक पाठ करून देणे, एवढे आपल्या मंडळात सहज होईल. आणि धोका दिसलाच, तर फोन करायला कचरू नये. तो विश्वासघात नव्हे.

त्या दिवशी मी एवढेच विचारायला हवे होते, "काय झालं रे बाळा?"