पेत्राला भेटून आल्यावर

आजची वाचने: प्रेषितांची कृत्ये १०:२४-२६, गलतीकरांस पत्र १:१८ आणि २:११-१४



समजा, उद्या पोप महोदय तुमच्यासमोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी हात पुढे केला, तर तुम्ही काय कराल? खरं खरं सांगा. काहीजण आधी मोबाईल काढतील. काहींच्या डोळ्यांत पाणी येईल, गुडघे आपोआप टेकतील. दोन्हींत वाईट काही नाही. पण भेट दोन मिनिटांत संपते आणि स्टेटस चोवीस तासांत जातं. त्यानंतर आपल्यात काय उरतं, हा आजचा प्रश्न आहे.

सेमिनरीत शिकणाऱ्या ब्रदर्सना तर हा प्रश्न जास्तच लागू पडतो. पुण्यात नगर रोडला, रामवाडीत पेपल सेमिनरी आहे. नावाप्रमाणंच पोपची. तेरावे लिओ यांनी २४ जून १८९३ रोजी एक पत्र काढलं. इथल्या लोकांना धर्मगुरू इथल्याच मातीतून मिळायला हवेत, बाहेरून येणाऱ्या मिशनऱ्यांवर कायम विसंबून चालणार नाही, असा त्याचा आशय. त्याच वर्षी श्रीलंकेत कँडीला ही सेमिनरी सुरू झाली आणि १९५५ मध्ये ती पुण्यात आली. तेव्हापासून किती बॅचेस शिकून बाहेर पडल्या असतील! पण पोपना आपल्याच शहरात बघण्याचा योग एकदाच आला, १० फेब्रुवारी १९८६ ला, दुसरे जॉन पॉल पुण्यात आले तेव्हा. त्याआधी १९६४ मध्ये सहावे पॉल आले ते मुंबईला, आणि १९९९ मध्ये जॉन पॉल पुन्हा आले ते दिल्लीला.

म्हणजे इथल्या कितीतरी ब्रदर्सनी आपल्या गावात पोप न बघताच आयुष्य वाहून टाकलं. आणि ज्यांना भेटीचा योग येतो त्यांचं काय? गेल्या ज्युबिली वर्षात जगभरातले सेमिनेरियन्स रोमला जमले होते. सेंट पीटर्स बॅसिलिकात चौदावे लिओ त्यांच्याशी बोलले. तारीख होती २४ जून २०२५. त्या जुन्या पत्राला बरोबर १३२ वर्षं झाली होती, आणि पोपचं नावही तेच, लिओ.

तिथं बसलेल्या एखाद्या पंचविशीतल्या मुलाचा विचार करा. उद्या दीक्षाविधीत तो गुडघे टेकून आपले जोडलेले हात बिशपांच्या हातात ठेवणार आहे आणि आदराचं, आज्ञापालनाचं वचन देणार आहे. हातांबरोबर आपला विवेकही तिथंच देऊन टाकायचा असतो का? हा प्रश्न त्याचा एकट्याचा नाही. बॉस, नेता, गुरू, आवडता प्रवचनकार, यूट्यूबवरचा एखादा ‘दादा’... आपण सगळेच कुणापुढे तरी वाकतो. मनापासून आदर करायचा आणि ताठही उभं राहायचं, हे एका वेळी जमतं का?

पवित्र शास्त्रात पेत्राला, म्हणजे आपल्या पहिल्या पोपना भेटलेल्या दोघांच्या गोष्टी आहेत. दोन्ही आज शेजारी ठेवून वाचू.

पहिला कर्नेल्य. कैसरियातला शताधिपती, रोमन सैन्यातला अधिकारी. त्याच्या राज्यात पेत्र म्हणजे एका जिंकलेल्या प्रांतातला मासेमार. तरी पेत्र दारात येताच हा अधिकारी त्याच्या पायांवर पडतो. पेत्र काय करतो? त्याला हात धरून उठवतो आणि सांगतो, मीही तुझ्यासारखा माणूसच आहे. पुढचं वचन तर आपण वाचता वाचता सोडून देतो: मग ते दोघं बोलत बोलत आत गेले. संवाद सुरू झाला तो कर्नेल्य उभा राहिल्यावर.

आम्हा बारामतीकरांना हे समजायला फार लांब जावं लागत नाही. तुकोबांची पालखी बारामतीवरून काटेवाडी, पुढे इंदापूर अशी जाते. पहिल्या शिफ्टची बस धरायला निघालेली एमआयडीसीतली पोरंही कडेला थांबून हात जोडतात. आपली श्रद्धा वेगळी असली तरी त्या गर्दीतली एक गोष्ट बघण्यासारखी आहे. एक वारकरी दुसऱ्याच्या पाया पडला की दुसरा लगेच त्याच्या पायांना हात लावतो. वय, जात, गाव कुणी विचारत नाही. दोघंही ‘माऊली’. नमस्कार तिथं एकाकडे साठून राहत नाही, तो फिरत राहतो.

१३ मार्च २०१३ च्या रात्री पोप फ्रान्सिस निवडून आल्यावर बाल्कनीत आले. खाली चौक गच्च भरलेला. लोकांना आशीर्वाद देण्याआधी त्यांनी लोकांनाच सांगितलं, आधी तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना करा. आणि ते डोकं खाली करून उभे राहिले. ‘देवाच्या सेवकांचा सेवक’ ही पोपची जुनी बिरुदावली आहे. त्या रात्री ती डोळ्यांना दिसली.

दुसरा पौल. याची गोष्ट अवघड आहे. परिवर्तनानंतर तीन वर्षांनी तो केफाला, म्हणजे पेत्राला भेटायला यरुशलेमला गेला आणि त्याच्याकडे पंधरा दिवस राहिला. ग्रीकमध्ये इथं जे क्रियापद आहे, त्याच मुळातून इंग्रजीतला ‘हिस्टरी’ शब्द आला आहे. त्याचा अर्थ नुसतं बघणं एवढाच नाही. विचारपूस करणं, ओळख करून घेणं, असा आहे. पंधरा दिवस! एका छपराखाली राहिल्यावर माणसाचं मोठेपणही कळतं आणि कमजोरीही. पेत्रानं त्याला त्या नकाराच्या रात्रीबद्दल, कोंबडा आरवला त्या पहाटेबद्दल सांगितलं असेल का? मला वाटतं, सांगितलं असेल.

पुढे अंत्युखियात काय झालं बघा. पेत्र तिथं गैरयहुदी बांधवांबरोबर एकाच पंगतीला जेवत होता. मग यरुशलेमहून काही लोक आले. ते काय म्हणतील या भीतीनं पेत्र हळूहळू पंगतीतून उठू लागला. त्याचं बघून बाकीचे यहुदी उठले, अगदी बर्णबासुद्धा. पंगत मोडणं म्हणजे काय, हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शब्द एकही बोलायचा नाही, फक्त ताट उचलून थोडं लांब बसायचं. समोरच्याला त्याची ‘जागा’ बरोबर कळते. तेव्हा पौल सगळ्यांसमोर, तोंडावर पेत्राला म्हणाला की हे शुभवर्तमानाला धरून नाही.

ज्याच्या घरी पंधरा दिवस राहिला, त्यालाच. माझ्या मते ते पंधरा दिवस झाले होते म्हणूनच त्याला हे बोलता आलं. पौलाच्या मनात पेत्राची नुसती प्रतिमा असती, तर ती जपायला तो गप्प बसला असता. त्याच्या मनात पेत्र नावाचा माणूस होता.

आता कुणी म्हणेल, मग काय, ज्याला पोपचं किंवा फादरचं पटत नाही तो प्रत्येकजण पौल झाला का? नाही. आणि हे आपल्या ऑनलाइन पिढीनं नीट ऐकायला हवं. पौल आधी भेटला, मग बोलला. पाठीमागे स्क्रीनशॉट फिरवले नाहीत, समोर उभा राहिला. मुद्दा त्याच्या मानापानाचा नव्हता, ज्यांच्या शेजारचं ताट उचललं गेलं त्यांचा होता. आणि मुख्य म्हणजे, चौदा वर्षांनंतर तो पुन्हा यरुशलेमला गेला होता, आपली धावपळ व्यर्थ तर नाही ना, हे थोरांसमोर तपासून घ्यायला. दुसऱ्याला तपासणारा स्वतःही तपासून घ्यायला तयार होता. आमच्या आयटीत कोड रिव्ह्यूचा हाच नियम आहे. सीनियरचं नाव बघून डोळे झाकून ‘अप्रूव्ह’ दाबलं तर तो आदर होत नाही, आणि स्वतःचा कोड कुणाला दाखवायचा नाही, पण सगळ्यांच्या चुका काढायच्या, हे धैर्य होत नाही.

ती पंगत अजून पूर्ण जुळलेली नाही, हेही मान्य करू. नोव्हेंबर २००३ मध्ये तमिळनाडूचे बिशप रोमला आले, तेव्हा जॉन पॉल यांनी त्यांना स्पष्ट सांगितलं की ख्रिस्ती माणसांमधला जातीवरून होणारा भेदभाव हा खऱ्या बंधुत्वाच्या विरुद्ध आहे. अंत्युखियात पौलानं पेत्राला जे ऐकवलं, तेच इथं पेत्राचा वारसदार आपल्याला ऐकवत होता. अशी भेट आशीर्वाद घेऊन संपत नाही. परत येऊन कुणाशेजारी बसायचं, हे ती ठरवायला लावते.

म्हणून त्या पंचविशीतल्या ब्रदरला माझं सांगणं एवढंच: हात जरूर दे, वचनही दे. पण ज्याच्या हातात देतोस तोही गुडघ्यांवरच आहे, हे विसरू नकोस. विवेक देवानं दिलेला आहे, तो दुसऱ्या कुणाला देऊन टाकता येत नाही. त्याच्यासकट आज्ञा पाळ. आणि उद्या लोक तुझ्या पाया पडतील, ‘फादर, फादर’ करतील, तेव्हा त्यांना उठवायला विसरू नकोस.

आजच्या दिवसासाठी: ज्या व्यक्तीचा आपण सर्वात जास्त आदर करतो, तिला न सांगितलेली एक खरी गोष्ट आठवा. ती प्रेमानं, समोर बसून सांगता येईल का, यावर पाच मिनिटं शांत बसा. मग कॅन्टीनमध्ये एकटं जेवणाऱ्याच्या शेजारी आपला डबा उघडा.

प्रार्थना: प्रभू येशू, तू पेत्राची दुर्बलता जाणूनही त्याला निवडलंस. आमच्या पोप महोदयांना, बिशपांना आणि सेमिनरीत शिकणाऱ्या सर्व ब्रदर्सना सांभाळ. आम्हाला मनापासून वाकायला शिकव आणि गरज पडेल तेव्हा न घाबरता उभं राहायला शिकव. तुझ्या पंगतीतून आमच्यामुळे कुणी उठून जाऊ नये. आमेन.